गायक नको, लिहून घ्या

हे बघा, सांगायला मी तयार आहे. पण मधेच कुणी हसलं, तर चहा तसाच ठेवून उठेन! अर्ध्या धुळ्याला हा किस्सा माहीत आहे, उरलेल्या अर्ध्याला माझ्या अक्काने सांगितला आहे. आता तुम्ही जळगावकर तेवढे राहिलात.

आणि फजिती कशी? कुणी फसवलं नाही, कुणी ढकललं नाही. भर हळदीत, हातात माईक घेऊन, मी स्वतःच्या तोंडाने करून घेतली.

माझं पिंप्राळ्यात टाइल्सचं दुकान आहे, ते तुम्हाला माहीतच आहे. दुकानात दोन मोठे स्पीकर आहेत, तेही माहीत आहे. लोक येतात बाथरूमच्या टाइल्स बघायला आणि जातात तमिळ गाणी ऐकून. बायको म्हणते, गिऱ्हाइकाला आधी डिझाइन दाखवा. मी म्हणतो, आधी त्याचं मन तर स्थिर होऊ दे!

कोण कोण आवडतं, ते विचारू नका. नाव घेतलं की तुम्ही लगेच म्हणणार, छे, त्याच्यापेक्षा तो बरा, आणि चहा गार होणार. पण एक तमिळ मुलगी आहे. एकटीच गिटार घेऊन बसते. ओळ संपताना आवाज असा काही खाली सोडते, की मी टेप हातात धरून तसाच उभा राहतो आणि भिंतीचं माप विसरतो. एक पंजाबी पोरगा आहे, रॅप करतो. मी आठवडाभरात जेवढं बोलतो, तेवढं तो एका कडव्यात बोलतो, आणि श्वास कुठे घेतो ते मला अजून सापडलेलं नाही. राजस्थानातला एक तरुण गायक आहे. त्याचं गाणं लागलं, की शेजारचे कापडवाले कांतीशेठ दुकान उघडं टाकून माझ्या दारात येऊन उभे राहतात. बोलत काही नाहीत. गाणं संपलं की परत जातात. मुलीने कोरियन पोरं ऐकवली, तेव्हा मी नाक मुरडलं होतं. आता मीच लावतो आणि ती म्हणते, बाबा, पुरे करा!

यातली एक भाषा धड कळत असेल तर शपथ! पण अडतं का काही?

तर असा मी सगळा देश आणि थोडा परदेश कानाने फिरून आलेला माणूस. आणि गेल्या वर्षी काय झालं, यूट्यूबवर एक अहिराणी गाणं आलं. हळदीचं. तुम्ही सगळे त्यावर नाचलेला आहात, उगाच सभ्य चेहरे करू नका. लोक ठेक्यावर नाचले; मी मात्र त्या आवाजाने खलास झालो. रुंद, मोकळा गळा, आणि मधेच बारीकशी खरखर. आपल्या शेतातला माणूस बांधावर उभा राहून हाक मारतोय, असं वाटायचं. बाकीचे सगळे आवडते परके. हा घरचा! खरं सांगतो, एकदा दुकानात एकटा असताना ते गाणं ऐकून माझे डोळे भरून आले. हळदीचं गाणं होतं, तरी.

आता मुख्य गोष्ट. अक्का धुळ्याला देवपुरात असते. तिच्या मुलीचं, पल्लवीचं, लग्न भडगावच्या मुलाशी ठरलं. साखरपुड्याला पल्लवीने माझ्यापुढे मोबाइल धरला. तेच गाणं! पांढरे कपडे, काळा गॉगल, ट्रॅक्टरवर उभा राहून नाचणारा तो गडी.

"मामा, हळदीला याला आणशील?"

पुढे भडगावचे व्याही बसलेले. नवऱ्यामुलाचे आजोबा, आबा म्हणतात त्यांना, तेही बसलेले. मी छाती पुढे काढून म्हणालो, "आणशील काय? आणलाच समज! मामाचा शब्द आहे!"

अक्काने मला बाजूला घेतलं. "बापू, तू व्याह्यांसमोर बोलून बसलास. तो नाही आला, तर माझ्या पोरीला तिकडे आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल. म्हणतील, हिच्या मामाकडचं सगळं तोंडचंच."

मी म्हटलं, "अक्का, संगीताचं माझ्यावर सोड."

व्हिडिओखाली नंबर होता. लावला. पलीकडे त्यांचा मॅनेजर.

"बोला भाऊ, कोण पाहिजे?"

"व्हिडिओत आहे ना, गॉगलवाला, तोच पाहिजे."

"येईल की. सोबत गायक लागेल का?"

आता मला सांगा, तुम्हाला काय वाटलं असतं? मला वाटलं, हा जोडीला कुणीतरी चिकटवतोय! लग्नाच्या बाजारात असंच चालतं. मंडप मागा, ते खुर्च्या चिकटवतात.

"दुसरा गायक कशाला? तुमच्या माणसाला एकट्याला झेपत नाही का?"

"झेपतं ना भाऊ. संध्याकाळभर थांबत नाही तो."

"मग झालं तर!"

"म्हणजे गायक नको? लिहून घेऊ?"

"लिहून घ्या," मी ठणकावलं. "गायक नको."

फोन ठेवला आणि बायकोला म्हणालो, "बघ, कसा ओळखला त्याचा डाव!"

हळदीच्या दिवशी तो वेळेवर आला. लॉनच्या गेटपाशी गाडीतून उतरला आणि पोरापोरींचा गराडाच पडला. मी गर्दी कापत पुढे गेलो आणि दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. इतक्या जवळून तो गळा!

त्याने तोंड उघडलं. "भाऊ, एक गोष्ट सांगनी व्हती..."

"बोलू नका!" मी ओरडलो. "एक शब्द बोलू नका! आवाज जपा!"

तो गप्प झाला. मी त्याला आतल्या खोलीत नेऊन बसवलं. तयारी सगळी करून ठेवली होती. कोमट पाणी, ज्येष्ठमध, हळद घातलेलं दूध. पंखासुद्धा बंद केला. वारं घशाला लागायला नको. बिचारा घामाने निथळत होता. एक पोरगी कौतुकाने त्याला शेवभाजीची प्लेट घेऊन आली. त्याने हात पुढे केला आणि मी प्लेट मधल्या मध्ये उचलली.

"तेल, तिखट? गाण्याआधी? वेड लागलंय का तुम्हाला?"

"माले भूक लागनी भाऊ," तो कुजबुजला.

"शू! गाणं झाल्यावर खा. तोपर्यंत हे दूध."

त्याने माझ्याकडे पाहिलं, दुधाकडे पाहिलं आणि मुकाट्याने प्यायला. मी मनात म्हटलं, मोठा कलावंत, पण किती ऐकून घेतो! दोनदा त्याने पुन्हा बोलायचा प्रयत्न केला. दोनदा मी ओठांवर बोट ठेवलं.

मग त्याला घेऊन बाहेर आलो. पल्लवी पिवळ्या साडीत बसली होती, भडगावची मंडळी पहिल्या रांगेत. डीजेवर त्याचंच गाणं लागायच्या बेतात होतं. मी धावत जाऊन ते थांबवलं.

"बंद करा! आज ट्रॅक नाही! आज जिवंत गळा!"

आणि माईक घेतला. काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण मनापासून बोललो. म्हणालो, मी देशभरातले गळे ऐकलेत. दक्षिणेचा हळुवार सूर ऐकला, पंजाबचा जोर ऐकला. पण आपल्या मातीचा आवाज ऐकला आणि मला माझा बाप आठवला. हा माणूस गातो ना, तेव्हा अहिराणी नुसती बोली राहत नाही, ती मोठी होते. आपण आपली भाषा घरात बोलतो आणि बाहेर लाजतो. हा तीच भाषा ताठ मानेने गातो. आणि हे, हे महाशय तुमच्यापुढे उभे आहेत!

टाळ्या पडल्या. मी माईक त्याच्या हातात दिला आणि हात जोडून बाजूला झालो.

लहान पोरंसुद्धा पुढे सरकून बसली.

त्याने गॉगल काढला. माईककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि एका किनऱ्या, बसक्या आवाजात म्हणाला, "भाऊ, हाऊ आवाज मना नही शे. माले गाता येत नही. मी फक्त ओठ हालावस आनि नाचस."

मला काही कळेचना. मी विचारलं, आणि तेही माईकमध्ये, "मग गातं कोण?"

"एरंडोलकडना एक भाऊ शे. तोच गास. तुम्हीच ते मॅनेजरले सांगेल व्हतं, गायक नको."

मांडव जो हसला म्हणता! खुर्च्या हलल्या. भडगावचे आबा डोळे पुसत पुढे आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मामा, हाई ते बठ्ठासले माहीत शे. व्हिडिओवाला येगळा, गानारा येगळा. तुमलेच कसं माहीत नही?"

सगळ्यांना माहीत! हळद लावणाऱ्या बायकांना माहीत, डीजेवाल्याला माहीत, ज्या चिमुरडीला अजून शाळेत घातलेलं नाही, तिलाही माहीत. फक्त देशभरातले गळे ऐकलेल्या या दर्दी माणसाला माहीत नाही.

मी अक्काकडे पाहिलं. तिने कपाळाला हात लावला होता. माझं हसं झालं, त्याचं काही नाही हो, ती सवय आहे. पण पोरीचं काय? मी तसाच पल्लवीपुढे जाऊन उभा राहिलो.

"चुकलं गं माझं. तुझा गायक मीच नको म्हणालो."

"कोण गायक?" ती म्हणाली. "मामा, मला हाच पाहिजे होता! मला याच्यासोबत नाचायचंय. तू ते गाणं लावू दे ना आता!"

बघा! नुसता गाणारा आणला असता, तर पोरगी रुसली असती. माझ्या मूर्खपणाने तिची हौस बरोबर भागली होती.

गाणं लागलं. आणि तो गडी नाचला हो! अंगात काही हाडं आहेत की नाही, असं वाटावं. पल्लवी नाचली, नवरामुलगा नाचला, आबांनी काठी बाजूला टाकून दोन गिरक्या घेतल्या. अक्काही नाचली. भडगावची मंडळी जाताना म्हणाली, असा मामा पाहिला नाही. कोणत्या अर्थाने म्हणाली, ते मी विचारलं नाही.

नंतर तो जेवायला बसला, तेव्हा मी त्याच्या शेजारी गेलो. स्वतःच्या हाताने शेवभाजी वाढली. विचारलं, "त्या गाणाऱ्याला कुणी बोलावतं का कधी?"

त्याने नाही अशी मान हलवली. तो माणूस स्टुडिओत येतो, गातो आणि घरी जातो. लग्नात त्याच्या गाण्यावर लोक नाचत असतात आणि तो पंगतीत बसून जेवत असतो, कुणी ओळखत नाही. मी म्हटलं, "माझं एवढं कौतुक त्याच्यापर्यंत पोचव बाबा."

"पोचवतो ना," तो म्हणाला. तुमचं भाषण एका पोराने मोबाइलवर घेतलंय, ते मागून घेतो, असंही म्हणाला. मला बरं वाटलं.

पोचवलं त्याने. पण त्याआधी त्या भाषणाचं रील केलं. गॉगल, पांढरे कपडे, शेताचा बांध, आणि माझ्या भाषणावर त्याचे ओठ! 'आपण आपली भाषा घरात बोलतो आणि बाहेर लाजतो', इथे तो गॉगल काढतो. सगळ्या खान्देशात फिरलं ते.

गेल्या आठवड्यात दुकानात एक जोडपं आलं. बाई फरशी बघायची सोडून मोबाइलच बघत होती. मला म्हणाली, "काका, ऐका हो हे. आम्हाला वाटायचं हा नुसता नाचतो. पण काय बोलतो! केवढी जाण आहे बघा."

मी म्हटलं, "ताई, हा आवाज माझा आहे."

तिच्या नवऱ्याने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "काका, तुम्ही टाइल्स दाखवा."

मला राहवेना. बायको काउंटरवर बसली होती. मी म्हटलं, "अगं, सांग यांना. हा आवाज माझा आहे की नाही?"

तिने मोबाइल हातात घेतला. अख्खं रील नीट ऐकलं. मग त्या बाईला परत देत म्हणाली, "आवाज यांच्यासारखा आहे खरा. पण हे एवढं चांगलं बोलत नाहीत हो."