वॉर्डात नेलेली पुस्तकं

नर्सिंगशी माझा संबंध आला तो निव्वळ नोकरीमुळे. बी.ए. झाले होते, ग्रंथालयशास्त्राचा छोटा कोर्स केला होता आणि डोंबिवलीत घरी बसून वर्ष होत आलं होतं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ठाण्यातल्या एका हॉस्पिटलला जोडलेल्या नर्सिंग स्कूलमध्ये ग्रंथपालाची जागा निघाली. मुलाखतीत मला एवढंच विचारलं, "रक्त बघून चक्कर येत नाही ना?" मी म्हटलं, "माहीत नाही." तरी घेतलं.

ग्रंथालय म्हणजे काचेची चार कपाटं आणि एक लांब टेबल. खिडकीतून हॉस्पिटलची गच्ची दिसायची, तिथे पांढऱ्या चादरी वाळत असायच्या. कपाटं निम्मी रिकामी होती. आठवड्याभरातच प्रिन्सिपल मॅडमनी बोलावून सांगितलं, "नवीन पुस्तकांची यादी करा. मुलींना उपयोगी पडतील अशी."

उपयोगी म्हणजे काय, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण पंचविशीच्या आतलं वय, नवी नोकरी, आपल्याला काही येत नाही हे कळू नये म्हणूनच अर्धी धडपड. मी कॅटलॉग मागवले आणि एक विक्रेता बॅग भरून पुस्तकं घेऊन आला. परदेशात छापलेली, गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची. जितकं जाड तितकं चांगलं, असा माझा सरळ हिशेब होता. दसऱ्याला त्यांची पूजा झाली, पाहुण्यांनी काचेतून बघून माना डोलावल्या आणि मला कोण अभिमान वाटला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी सहज एकेका पुस्तकामागचं इश्यू कार्ड काढून पाहिलं. कोरं. दुसरं काढलं, तेही कोरं. नव्या पुस्तकांपैकी एकच बाहेर गेलं होतं आणि तेही दुसऱ्या दिवशी परत आलेलं. कार्डावर दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीची सही होती.

ही मुलगी खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. घरातली पहिलीच शिकायला बाहेर पडलेली. सकाळची ड्यूटी संपली की टोपी काढून पिशवीत ठेवायची आणि थेट ग्रंथालयात येऊन बसायची. मी तिला विचारलं, "अगं, हे पुस्तक एका दिवसात परत का केलंस? इंग्रजी जड गेलं का?"

"इंग्रजी जड जातंच मॅडम, पण ते काय, डिक्शनरी घेऊन बसलं की जमतं," ती म्हणाली. मग जरा अडखळली. "रागावणार नाय ना?"

"नाही रागावत. बोल."

तिने कपाटातून ते पुस्तक काढलं आणि इंजेक्शनचा धडा उघडला. "हे बघा. वापरून झाली की सिरिंज टाकून द्या असं लिहिलंय. आमच्याकडे काचेची सिरिंज असते, ती उकळायची असते. किती वेळ उकळायची, सुया कशा ठेवायच्या, ते यात कुठेच नाय. आणि हा पलंग बघा, बटण दाबलं की वर होतो. आपल्या वॉर्डात पलंगाखाली विटा लावतो आपण." ती हसली. "पुस्तक चांगलंय मॅडम. पण त्यातलं हॉस्पिटल आपलं नायेय."

मला रडू यायचंच बाकी होतं. दुसऱ्या दिवशी मी सिस्टर ट्यूटरांकडे गेले. त्या मूळच्या केरळच्या, वीसेक वर्षं कल्याणात राहिलेल्या. वॉर्डातल्या कामाची वर्षं पदरात घेऊन शिकवण्याकडे वळलेल्या. मुली त्यांना थरथर कापायच्या. त्यांचं मराठी भरभर चालायचं, फक्त व्याकरणातल्या लिंगाचा पत्ता नसायचा.

"सिस्टर, माझी पुस्तकं कोणी वाचत नाही," मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू वॉर्ड बघितला काय?"

"नाही."

"मग पुस्तक कसा घेतला?"

मी कॅटलॉगचं नाव काढताच त्यांनी हात वर केला. "सोमवारपासून सकाळी सातला ये. एक आठवडा. काय करू नको, नुसता उभा राह आणि बघ."

तो आठवडा मी जन्मात विसरणार नाही. पहिल्या दिवशी ड्रेसिंगच्या वेळी मला चक्कर आलीच, सिस्टरनी स्टुलावर बसवून पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आला? बरा झाला. आता परत नाही येणार." खरोखरच परत आली नाही. मी उभी राहून बघत राहिले. पेशंट पलंगावर असताना त्याच्या खालची चादर बदलणाऱ्या मुली, लघवी मोजून तक्त्यात लिहिणाऱ्या मुली, ट्रेमध्ये काय काय लागेल ते ओठातल्या ओठात पाठ म्हणणाऱ्या मुली. मला सगळ्यात जास्त जाणवलं ते हे, की त्यांना पुस्तक लागतं ते घाईत. डॉक्टर राउंडला यायच्या आधीच्या पाच मिनिटांत. आठशे पानांच्या ठोकळ्यात त्या कुठे बोट घालणार?

शनिवारी सिस्टर म्हणाल्या, "आता घे पुस्तक. पण एकदम घेऊ नको. आधी वॉर्डात पाठव."

ठाण्याच्या बाजारपेठेतल्या एका दुकानदाराला मी गळ घातली. भला माणूस. पंधरा दिवस पाहायला म्हणून त्याने पुस्तकांचा एक गठ्ठा दिला, फक्त पानं दुमडू नका म्हणाला. आम्ही प्रत्येक पुस्तकाला तपकिरी कव्हर घातलं आणि आत एक कोरा कागद ठेवला. मुलींना सांगितलं, पुस्तक उघडाल तेव्हा काय शोधलं आणि मिळालं की नाही, एवढंच लिहा. नाव लिहू नका.

ते कागद वाचताना मला जेवढं शिकायला मिळालं तेवढं कोर्समध्येही मिळालं नव्हतं. एका ठिकाणी होतं, "सापडलं पण समजलं नाही." दुसऱ्या ठिकाणी, "समजलं पण शेवटची पायरी दिली नाही, ट्रे परत कुठे ठेवायचा?" एका जाड पुस्तकातल्या कागदावर कोणीतरी लिहिलं होतं, "उचलून हात दुखला." आणि एका बारक्या, फिकट छपाईच्या, ज्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नसतं अशा पुस्तकातला कागद दोन्ही बाजूंनी भरला होता. कोणा निवृत्त ट्यूटरबाईंनी मराठीत लिहिलेलं ते पुस्तक होतं. प्रत्येक कृती पायरीपायरीने, शेजारी कंसात इंग्रजी शब्द, आणि मागे सूची अशी की शोधलेली गोष्ट लगेच हाती यावी. काचेची सिरिंज उकळण्याचं अख्खं पान होतं त्यात.

त्या मराठी पुस्तकाच्या बऱ्याच प्रती आम्ही घेतल्या. त्याशिवाय औषधांचं एक, शरीररचनेचं स्वच्छ आकृत्यांचं एक, आणि एक वैद्यकीय शब्दकोश. मुलींच्या आग्रहाखातर प्रश्नोत्तरांचं एक गाइडही. सिस्टरनी गाइडला नाक मुरडलं, पण परीक्षा तोंडावर होती.

हेच गाइड सगळ्यात जास्त जायला लागलं. वर्षभराने, एका दुपारी ती कोळीवाड्यातली मुलगी माझ्या टेबलाशी आली. तिच्या एका हातात गाइड, दुसऱ्या हातात मराठी पुस्तक.

"मॅडम, माझं गणित चुकतंय का ते बघा ना."

"अगं, मला कुठलं कळायला?"

"कळेल. शाळेतलंच आहे. बाळाला सव्वाशे मिलिग्रॅम औषध द्यायचंय. बाटलीवर लिहिलंय, पाच मिलीत अडीचशे. मग किती मिली द्यायचं?"

मी कागदावर केलं. "अडीच."

"माझं पण अडीचच येतंय. तीनदा केलं. गाइडात पंचवीस छापलंय." तिने बोट ठेवलं. दोन आणि पाचच्या मधलं दशांशाचं टिंब नव्हतं. "मॅडम, पाच मिली म्हणजे एक चमचा. पंचवीस म्हणजे पाच चमचे. एवढंसं बाळ!"

आम्ही दोघी तशाच उठून सिस्टरकडे गेलो. सिस्टरनी पान पाहिलं, पेन काढलं आणि स्वतः गणित केलं. मग पेनचं टोपण लावलं. मला वाटलं, आता गाइड आणल्याबद्दल माझी खरडपट्टी निघणार. पण सिस्टर त्या मुलीकडे वळल्या. "छापलेला होता ना? मग तू गणित का केला?"

ती घाबरली. "तुम्हीच सांगितलेलं सिस्टर. बाळाचं असेल तर दोनदा करायचं."

सिस्टरनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना असं करताना मी तोपर्यंत कधी पाहिलं नव्हतं.

ती दुपार आम्ही तिघींनी वर्गावर्गांत घालवली. ग्रंथालयातल्या प्रती झाल्याच, शिवाय मुलींनी स्वतः विकत घेतलेल्याही. प्रत्येक प्रतीत लाल शाईने टिंब. होस्टेलच्या खोल्यांमध्येही जाऊन आलो. मी प्रकाशकाला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर काही आलं नाही, पण पुढच्या आवृत्तीत टिंब होतं. आम्ही सगळ्यात आधी तेच पान उघडलं होतं.

त्यानंतर नव्या पुस्तकातली गणितं सोडवून बघायची, मगच ते घ्यायचं, असा आमचा रिवाजच पडला. त्या कामाला मुली आपण होऊन यायच्या.

मुली पास होऊन जात राहिल्या, नव्या येत राहिल्या. सिस्टर निवृत्त होऊन गावी गेल्या. नव्वदचं दशक निम्मं सरत आलं असताना माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अस्पष्ट झालं. हॉस्पिटलातून डोंबिवलीला घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "औषधं आहेतच. तुम्ही पाठ सांभाळा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा झाल्या की फार हाल होतात."

पाठ सांभाळा म्हणजे काय, हे मला तोंडपाठ होतं. पाठीच्या निगेचा धडा असलेल्या किती प्रती मी हाताळल्या होत्या! माझ्याच नावावर ते मराठी पुस्तक काढून घरी आणलं, वडिलांच्या उशाशी उघडून ठेवलं आणि आई आणि मी त्यांना कुशीवर वळवायला गेलो. जमेना. आई बारीक चणीची, मला भीती वाटत होती, आणि वडिलांना आम्ही अक्षरशः ओढत होतो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चौथ्या दिवशी कमरेखाली लालसर चट्टा दिसला.

कोळीवाड्यातली ती मुलगी तोवर कल्याणच्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स होती आणि लग्न होऊन शहाडला राहत होती. मी नर्सिंगच्या शाळेतून तिच्या वॉर्डात फोन केला. फक्त विचारायला. ती म्हणाली, "उद्या माझी सुट्टी आहे. येते."

ती आली, हात धुतले आणि आधी वडिलांपाशी बसली. "बाबा, मी मॅडमची विद्यार्थिनी. तुम्हाला कुशीवर करते हां. आधी सांगून करते, घाबरायचं नाय." खरं तर मी तिला एक अक्षरही शिकवलेलं नव्हतं.

मग तिने मला दाखवलं. पलीकडचा गुडघा दुमडायचा. एक हात खांद्यावर, एक कमरेवर. आणि आपल्याकडे वळवायचं. "ओढायचं नाय मॅडम. वळवायचं. ओढलं की कातडी घासते." वडील अलगद कुशीवर आले. पाठीशी एक उशी, गुडघ्यांमध्ये एक, पोटरीखाली घडी केलेली चादर, टाचा मोकळ्या. मग माझ्याकडून करून घेतलं. मग आईकडून. आईला पहिल्याच फटक्यात जमलं.

मी स्पिरिट आणि पावडर पुढे केली. "आता पाठ चोळायची ना? पुस्तकात आहे."

तिने पुस्तक उचलून पहिलं पान पाहिलं. "मॅडम, ही जुनी आवृत्ती आहे. आता लाल झालेल्या जागी चोळायला नाय सांगत, आतली कातडी आणखी दुखावते. आमच्याकडे ट्रेनिंगमध्ये सांगितलं. नुसतं त्या जागेवरून वजन काढायचं, कोरडं ठेवायचं आणि रोज बघायचं."

मी स्पिरिट आणि पावडर खाली ठेवली. इतकी वर्षं पुस्तकं निवडून घेतली, गणितं तपासली, पण एकदा चांगलं ठरलेलं पुस्तक पुन्हा तपासायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती समजली असावी. "अहो, तेव्हा तेच बरोबर होतं," ती म्हणाली. "मी त्याच्यावरच पास झाले ना!"

वडिलांनी डाव्या हाताने तिला खूण केली आणि मोठ्या कष्टाने शब्द जुळवले. "च... चहा." आईने आत जाऊन आधण ठेवलं.

चट्टा आठवडाभरात गेला. पुढे वडील सव्वा वर्ष अंथरुणावर होते आणि त्यांच्या पाठीला एकही जखम झाली नाही. ती तेवढ्या काळात कितीदा आली, ते आम्ही मोजलं नाही. ते गेले तेव्हा त्यांना शेवटची आंघोळ घालताना माझे काका म्हणाले, "पाठ बघ, लहान मुलासारखी आहे." आई त्या दुःखातही म्हणाली, "त्या पोरीला कळवा."

तो चट्टा गेल्यावर शाळेत परतले तेव्हाच मी सगळी कपाटं उपसून जुन्या आवृत्त्या बाजूला काढल्या होत्या. कुठल्या ठेवायच्या, कुठल्या रद्द करायच्या, हे ठरवायला मी तिला बोलावलं. ती येताना वॉर्डात काम करणाऱ्या आणखी दोघींना घेऊन आली. पुढे दर उन्हाळ्यात त्या येत राहिल्या, लांब टेबलाशी बसून पुस्तकं चाळत, वाद घालत. मी वही घेऊन लिहीत असायची. ग्रंथपाल म्हणून माझी जी काही अक्कल आहे ती या बायकांनी दिलेली आहे, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलं की त्या हसून म्हणायच्या, "मॅडम, पुढचं पुस्तक द्या."