चामड्याचा वायसर

एप्रिलमधल्या एका दुपारी मी स्टुटगार्टमधल्या त्सुफेनहाउझेनच्या ऑफिसात जेवायला उठत होतो, तेवढ्यात शैलावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले हो... सकाळी. चहा टाकला होता मी." सुधाकर तांबे, ड्रेस्डेनला माझ्याबरोबर शिकलेला, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पिठलं करपवून वर मलाच नावं ठेवणारा, पन्नाशीही न गाठता गेला. दीड महिना झाला, तरी मला त्याचा रागच येतो आहे.

तसा राग जुनाच. सुधाकर जालन्याकडचा, पाण्याचा इंजिनिअर. स्टुटगार्टच्या एका मदतसंस्थेने त्याला अफगाणिस्तानातल्या हापशांचं काम दिलं, तेव्हा आम्हाला कोण अभिमान वाटला होता! नकाशे, बैठका, चकचकीत अहवाल. हापशात कुठला वायसर बसवायचा यावर एकदा बैठक झाली. जर्मन तज्ज्ञांनी प्रयोगशाळेत तपासलेला रबराचा निवडला. सुधाकरच्या गावी चपला शिवणारा माणूस चामड्याचा वायसर अर्ध्या तासात कापून द्यायचा आणि हापसा पुन्हा सुरू व्हायचा. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण त्या बैठकीत तो गप्प बसला. "सगळे डॉक्टरेटवाले रे," तो मला नंतर म्हणाला, "त्यांच्यापुढे आमच्या गावच्या चामड्याची गोष्ट सांगायची लाज वाटली."

दोन हिवाळ्यांत रबर झिजलं. नवे वायसर जर्मनीतून जायचे, आणि लढाईमुळे रस्ता बंद. हापसे एकामागून एक बंद पडले, बायका पुन्हा कालव्याचं गढूळ पाणी भरू लागल्या, पोरं आजारी पडली. सुधाकरला शेवटचा अहवाल लिहायचा होता. माझ्याकडे जेवायला आला, पण जेवला नाही. मी शहाणपणा शिकवला, "आल्झो, मग युद्धावर टाक की! कोण विचारणार आहे?"

"अरे, त्या देशात सगळंच युद्धावर टाकता येतं," तो म्हणाला. "म्हणून तर आमच्यापैकी कुणी काही शिकत नाही."

त्याने लिहिलं. चूक माझी, मला माहीत होतं आणि मी बोललो नाही, असं स्वच्छ जर्मनमध्ये लिहिलं. करार संपला, नवा मिळाला नाही. व्हिसा, भाडं, मुलीची शाळा, सगळंच टांगणीला लागलं. मी त्याला तोंडावर मूर्ख म्हणालो. वर्षभर आम्ही बोललो नाही. पुढे त्याला एका छोट्या गावाच्या पाणीपुरवठ्यात नोकरी लागली, बोलणंही सुरू झालं, पण पूर्वीसारखं नाही. पहिल्याच सुट्टीत तो स्वतःच्या खर्चाने तिकडे जाऊन आला, एवढं कानावर होतं. कशासाठी, ते मी विचारलं नाही. माझा ताठा, दुसरं काय!

ते वहिनींकडून कळलं, आठ दिवसांपूर्वीच्या रविवारी. तिकडे युसूफ नावाचा खोगिरं शिवणारा कारागीर आहे. सुधाकरने आठवडाभर त्याच्या दुकानात बसून त्याला वायसर कापायला शिकवलं. दर रविवारी सकाळी त्याला फोन करायचा. "त्यांना सांगायला हवं हो, मला जमत नाही," म्हणून वहिनींनी फोन माझ्या हातात दिला. युसूफ पेशावरात वाढलेला, त्याला हिंदी समजते. मी कसंबसं सांगितलं. मग तो म्हणाला, "रुकिए, साहब." पावलं वाजली, आणि लोखंडी दांड्याची कुरकुर, बादलीत पडणारं पाणी, कुणा बाईचं पोराला ओरडणं... "वो हर इतवार यही सुनते थे," युसूफ म्हणाला. "अब किसको सुनाऊँ?"

मी म्हणालो, मला.

काल पहिला रविवार होता. मी फोन लावला, हापसा ऐकला. सुधाकरला मूर्ख म्हणालो होतो, ते त्याच्यासमोर परत घ्यायचं राहून गेलं.