मेळाव्यासाठी घेतलेली अतिजलद डिस्क

मी नेमकं काय काम करते हे आईला शेजारणींना सांगता येत नाही, म्हणून ती "कॉम्प्युटरवर बसते" एवढंच सांगते. तसं ते खरंच आहे. पुण्यातल्या एका कंपनीसाठी अमरावतीला घरी बसून मी लोकांचे डेटाबेस सांभाळते. हे डेटाबेस क्लाऊडवर असतात, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी भाड्याच्या सर्व्हरवर. सर्व्हर भाड्यानं घ्यायचा आणि त्याला जोडायची डिस्क वेगळी भाड्यानं घ्यायची. डिस्क साधी मिळते, जलद मिळते आणि अतिजलद मिळते. कुणाला कोणती लागेल हे सांगायचा मला पगार मिळतो. आठ-नऊ वर्षं मी हेच करते आहे, आणि त्यातलं मला कळतं, अशी माझी समजूत होती.

दिवाळीनंतर एका दुपारी मामांचा फोन आला. मामांचं अकोल्याच्या जुन्या शहरात फुलांचं दुकान आहे. त्याशिवाय ते आमच्या समाजाच्या वधू-वर सूचक मंडळाचे सचिव आहेत, आणि त्यांच्या लेखी दुकान हे दुसऱ्या क्रमांकाचं काम आहे.

"काय करून राहिली?"

"मीटिंगमध्ये आहे, मामा."

"मंग ऐक. तुले डिस्क समजते म्हणे."

मंडळ दर हिवाळ्यात परिचय मेळावा भरवतं. पूर्वी त्यासाठी बायोडाट्यांचं जाडजूड पुस्तक छापायचे, आता वेबसाइट आहे. मुलगा किंवा मुलगी मंचावर येते, माइकवर स्वतःबद्दल चार वाक्यं बोलते, आपला क्रमांक सांगते, आणि खाली बसलेले हजारभर लोक एकाच वेळी मोबाइलवर तो क्रमांक टाकून बायोडाटा उघडतात. मागच्या वर्षी ऐन मेळाव्यात ते पान उघडेचना. सगळ्यांच्या मोबाइलवर नुसतं गोल फिरत राहिलं. एका मुलीला तीन वेळा ओळख करून द्यावी लागली. तिसऱ्या वेळी तिचा आवाज रडवेला झाला आणि तिच्या वडिलांनी मंचावर चढून आयोजकांचा जाहीर निषेध केला. आयोजक म्हणजे मामा.

"या वर्षी तसं झालं तं मले तोंड दाखवाले जागा नाही राहत," मामा म्हणाले. "साइट ज्यानं बनवली तो पोट्टा गेला परदेशात. जाताना म्हणे, डिस्क स्लो हाय. तू सगळ्यात फास्ट कोणती ते सांगून दे, आमी घेऊन टाकतो."

मी म्हणाले, असं फोनवर सांगता येत नसतं, आधी सगळं पाहावं लागतं. पाहावं लागतं म्हणजे मी येते, असा अर्थ मामांनी काढला आणि फोन ठेवला.

त्या रविवारी मी एसटीनं अकोल्याला गेले. मंडळाची बैठक दुकानाच्या माडीवर होती. खालून शेवंतीचा आणि ओल्या पोत्यांचा वास येत होता. अध्यक्ष परतवाड्याचे निवृत्त मुख्याध्यापक. ते घरीसुद्धा छापील मराठी बोलतात, असं मामा सांगतात. कोषाध्यक्ष एक साठीच्या काकू होत्या. अकोल्याबाहेर त्यांची भाजीपाल्याच्या रोपांची रोपवाटिका आहे आणि आसपासच्या निम्म्या गावांत वांगी-टमाटे त्यांच्याच रोपांचे लागतात. बाकी सभासद चिवड्यासाठी आलेले होते.

मी लॅपटॉप उघडून तिन्ही डिस्क समजावून सांगितल्या. साधी स्वस्त असते, पण गर्दीत मागे पडते. जलद मधली. अतिजलद घेताना सेकंदाला किती वेळा वाचायचं-लिहायचं हे आधी ठरवायचं आणि तेवढं भाडं भरायचं.

"यांतली सर्वोत्तम कोणती?" अध्यक्षांनी विचारलं.

"सर, सर्वोत्तम अशी नसते. आपली गरज किती आहे त्यावर..."

"म्हणजे आपल्या समाजाची गरज कमी आहे, असं तुमचं मत आहे का?"

असं माझं मत नाही, असं मी लगेच सांगितलं. तेवढ्यात काकूंनी हात वर केला.

"मले एक सांग, बाई. डिस्कमधून जे निघते, ते त्या सर्व्हरमधूनच बाहेर येते ना?"

"हो."

"मंग आपला सर्व्हर केवढा हाय? काहून की मी रोपवाटिकेत पाच एचपीचा पंप लावला होता, पण पाइप जुनाच ठेवला. पाणी तेवढंच आलं."

मी हसले. "काकू, पाण्याचं वेगळं असतं. हे जरा वेगळं आहे."

हे मी फार समजूतदार आवाजात म्हणाले. तो आवाज मला आता ऐकवत नाही. काकूंनी मान हलवली आणि चिवड्याची ताटली पुढे ओढली. मग अध्यक्षांनी ठराव सांगितला, मामांनी तो वहीत उतरवला: समाजाच्या प्रतिष्ठेस साजेशी अतिजलद डिस्क घेण्यात यावी. एक सूचक, एक अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. डिस्कला अनुमोदक मिळालेला मी नोकरीत कधी पाहिला नव्हता. पण खरं सांगायचं तर मलाही तो ठराव बरोबरच वाटला होता. एवढी गर्दी, एवढे फोटो, एवढ्या पत्रिका, आणि सगळं डेटाबेसमध्येच कोंबलेलं. मीही अतिजलदच सुचवली असती, फक्त चार वाक्यं जास्त बोलून.

अमरावतीला आल्यावर मी रीतसर चाचणी घेतली. मंडळाच्या डेटाबेसची एक प्रत काढली. ती ठेवायला सर्व्हर घेतला तो कंपनीत रोज घेते त्याच मापाचा. त्यावर विचारसुद्धा केला नाही, हातानं सवयीनं निवडला. त्याला अतिजलद डिस्क जोडली. आता हजार माणसं एकदम आल्याचं सोंग करायचं, तर माणसं काय शोधतात ते आधी पाहायला हवं. म्हणून मी एखाद्या वरपित्यासारखा शोध घेतला: मुलगी, पदवीधर, जिल्हा अमरावती, वय तिशीच्या पुढे.

यादीत तिसरी मी होते.

फोटो मावसबहिणीच्या लग्नातला होता, शेजारच्या कुणाचा तरी अर्धा खांदा त्यात राहिला होता. वय छत्तीस, ते खरं होतं. स्वभाव शांत व मनमिळाऊ. व्यवसाय संगणक. छंद स्वयंपाक. अपेक्षा निर्व्यसनी.

आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी लॅपटॉप तसाच उचलून तिच्यापुढे नेला.

"हे काय आहे?"

तिनं चष्मा लावून पाहिलं. "फोटो चांगला आला हाय."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तं तू नाही म्हटली असती."

"मग?"

"मंग काहून विचारू?"

मी छंदाच्या रकान्यावर बोट ठेवलं. "आणि स्वयंपाक हा माझा छंद कधीपासून झाला?"

"तिथे काहीतरी लिहाच लागते," आई म्हणाली. "रकाना रिकामा सोडला तं फॉर्म पुढे जात नाही."

मी ते पान मूळ साइटवरूनच पुसू शकले असते. माझ्याकडे सगळे अधिकार होते आणि एका ओळीचं काम होतं. पण चाचणी चालू असताना मूळ माहितीला हात लावायचा नाही, असा आमच्या कामातला नियम आहे, असं मी स्वतःला बजावलं. नियम पाळून मी फक्त 'स्वयंपाक' खोडलं आणि 'वाचन' लिहिलं.

चाचणी उत्तम झाली. हजार माणसं आली काय, दोन हजार आली काय, पानं पटापट उघडत होती. मी दोन पानी अहवाल लिहिला. मामांनी त्याच्या झेरॉक्स काढून सभासदांना वाटल्या, आणि मेळाव्याच्या पत्रिकेवर 'यंदा अतिजलद सेवा' अशी ओळ छापून घेतली. मेळाव्याच्या आठवडाभर आधी मी मंडळाच्या सर्व्हरला नवी डिस्क जोडली. तेव्हा साइटवर कुणी नव्हतं, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी सभागृह भरलं. मी मंचाच्या मागे, हारांच्या टोपल्यांमध्ये खुर्ची टाकून बसले होते. पहिली तीन-चार मुलं ठीक गेली. मग गर्दी वाढली, पाचवा मुलगा आला, त्यानं आपला क्रमांक सांगितला, हजार माना एकदम खाली गेल्या, आणि खालीच राहिल्या. समोरून कुणी तरी ओरडलं, "फिरून राहिलं नुसतं!"

मामांनी मंचावरून वळून माझ्याकडे पाहिलं. मी लॅपटॉपकडे पाहत होते. डिस्क निवांत होती. तिच्या ताकदीचा चौथा भागही वापरला जात नव्हता. दम लागला होता सर्व्हरला. प्रत्येक सर्व्हरला एक हद्द असते, डिस्कमधून सेकंदाला इतकंच तो ओढू शकतो. मोठ्या सर्व्हरची हद्द मोठी, लहानाची लहान. मंडळाचा सर्व्हर सगळ्यात लहान मापाचा होता, साइट सुरू झाली तेव्हा घेतलेला. चाचणीसाठी मी सवयीनं घेतलेला त्याच्या कितीतरी पट मोठा होता. हे सगळं लिहिलेला एक तक्ता असतो. तो आधी वाचा, असं मी आमच्या ग्राहकांना दर महिन्याला सांगते.

काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या, कोषाध्यक्षाचा बिल्ला लावून. पडद्याच्या फटीतून त्या मला दिसत होत्या. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

मोठा सर्व्हर घ्यायचा तर जुना बंद करून पुन्हा सुरू करावा लागणार होता. मी मामांना मागे बोलावलं. "मामा, दहा मिनिटं साइट पूर्ण बंद करावी लागेल."

"कर ना, माय. ते तशीबी बंदच हाय."

मग अध्यक्षांनी माइक हातात घेतला आणि संयम या विषयावर बोलायला सुरुवात केली. साइट नवव्या मिनिटाला सुरू झाली. मी मामांना खूण केली, मामांनी अध्यक्षांना चिठ्ठी दिली, अध्यक्षांनी ती न वाचता खिशात ठेवली. ते एकूण पंचवीस मिनिटं बोलले. तोवर साइट झरझर चालत होती आणि ती पाहण्याची कुणाचीही हिंमत नव्हती.

त्यानंतर मात्र एकदाही अडलं नाही. क्रमांक सांगितला की पान उघडायचं. लोक इतक्या लवकर बायोडाटा वाचू लागले की मंचावर बोलणाऱ्या मुलांकडे कुणी पाहीना. त्याची तक्रार एका आईनं मामांकडे केली.

जेवणाच्या पंगतीत मी मुद्दाम काकूंच्या शेजारी बसले.

"काकू, तुम्ही विचारलं होतं तेच निघालं. सर्व्हर लहान होता. डिस्क कितीही फास्ट घेतली तरी तो तेवढंच देणार होता."

"हो का," त्या म्हणाल्या.

"मी तेव्हा ऐकायला पाहिजे होतं. उलट हसले."

त्यांनी आपल्या ताटातला पापड मोडून अर्धा माझ्या ताटात ठेवला. "मले तरी कुठं समजलं होतं वं आधी? तीन महिने मी पंपवाल्याशी भांडली. पंपच खराब दिला म्हणून त्याले नाही नाही ते बोलली. मंग एक दिवस पाइप फुटला तवा समजलं."

मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

पुढच्या आठवड्यात मी आणखी एक चाचणी घेतली, या वेळी मंडळाच्याच सर्व्हरवर. मोठा सर्व्हर असेल तर साधी डिस्कसुद्धा मेळाव्याला पुरून उरत होती. म्हणजे अतिजलद डिस्क मुळात लागतच नव्हती. माझी चूक आणि हा निष्कर्ष, दोन्ही मी स्वच्छ लिहून काढलं आणि आढावा बैठकीत वाचून दाखवलं. साधी डिस्क परत घ्यावी, अशी शेवटी सूचना केली.

अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ठराव सर्वानुमते झालेला आहे," ते म्हणाले. "तो फिरवायचा तर आपण चुकलो, असं इतिवृत्तात लिहावं लागेल."

"मी चुकले, असं लिहा ना, सर."

"ते कसं शक्य आहे? तुमचा तर आज सत्कार आहे."

मामा मान खाली घालून वहीत लिहीत होते. मी वाकून पाहिलं. 'ऐनवेळी उद्भवलेली तांत्रिक अडचण भाचीने तत्परतेने दूर केली,' असं लिहिलं होतं. मग अध्यक्षांनी मला उभं केलं, शाल पांघरली, हातात नारळ दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी सगळ्यात जास्त वाजवल्या आणि त्या हसतही होत्या. डिस्क तीच राहिली. वर्षातले बाकीचे महिने साइटवर दिवसाला पाच-सात माणसं येतात आणि त्यांना फार जलद सेवा मिळते.

मी घरी आले तेव्हा आईनं शाल उलगडून पोत पाहिला, किमतीची चिठ्ठी काढून टाकली आणि कुणाच्या तरी देण्याघेण्यात कामी येईल म्हणून कपाटात ठेवली.

"तिथे कोणी विचारलं काय?" तिनं विचारलं.

"साइटबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं."

"साइटबद्दल नाही म्हणून राहिली मी," ती म्हणाली आणि नारळ घेऊन स्वयंपाकघरात गेली.