रिकाम्या जमिनीवरची सात झाडं

लवंगेच्या हंगामात पेंबा बेटावर सकाळ आधी नाकाला कळते, मग डोळ्यांना. बीकोंबोने अंगणात चटई अंथरून कालच्या कळ्या पसरल्या, उकडलेले कसाव्याचे कंद चुलीवरून उतरवले. आल्याच्या चहाचा पहिला घोट घेणार, तोच दार वाजलं.

दारात वाडीचे सरकारी प्रमुख, शेहा फाकी. मागे बगलेत फाइल धरलेला शहरातला तरुण कारकून.

"या. इतक्या सकाळी? बायकोने हाकललं की सरकारने?"

शेहा हसले, पण बसले नाहीत. तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

शेजारच्या मबारुकची टेकडी त्याच्या माघारी त्याच्या मुलाने दार-एस-सलाममध्ये बसल्या बसल्या विकली होती. तिथे हॉटेल होणार, सोमवारपासून तोड सुरू. हद्दीच्या कागदावर शेजारीण म्हणून बीकोंबोचा अंगठा हवा होता. कारकुनाने कागद वाचला, "उत्तरेला ओढा, पूर्वेला बीकोंबोची तीन एकर. मधली जमीन रिकामी."

"रिकामी? माझ्या सात लवंगा उभ्यात तिथे, बाळा."

"पण जमीन तुमची नाही ना, बिबी?"

"जमीन मबारुकची, झाडं माझी. जो लावील त्याचं झाड. अहो शेहा, सांगा की याला!"

शेहा स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले. "रिवाज आहे खरा. पण यांच्या कागदात रिवाजाला रकाना नाही."

बीकोंबोचे वडील जमीनदाराच्या लवंगा खुडता खुडता म्हातारे झाले. क्रांतीनंतर जमीनदारांच्या जमिनी वाटताना सरकारने त्यांना तीन एकर दिली, ती पोटापाण्याच्या कसाव्यातच संपली. म्हणून लग्नाच्या वर्षी तिने मबारुककडे टेकडीचा उतार मागितला. "लाव की," तो म्हणाला होता, "माझ्या गाईंना सावली होईल." पहिल्या कळ्या यायला सात वर्षं लागली. नवरा वर चढून घोस खुडायचा, ती खाली बसून तळहातावर रगडून कळ्या देठावेगळ्या करायची. मुलांची शाळा, घरावरचे पत्रे, शेवटी नवऱ्याचं कफनसुद्धा त्याच झाडांनी पुरवलं. यंदाही कळ्यांवर नुकती लाली चढली होती.

"बिबी, हट्ट नका धरू," कारकून हळू आवाजात म्हणाला. "अंगठा दिला नाहीत तरी झाडं वाचायची नाहीत."

"कळतंय रे मला. डोकं पिकलंय माझं, नासलं नाही."

त्याने शाईची डबी उघडून पुढे केली. बीकोंबोने हात पदराला पुसला, पण पुढे केला नाही. चटईवरच्या कळ्यांवर कोंबडी चढली होती. तिला हाकलून बीकोंबो परत आली आणि तिने अंदाजानेच कागदावर त्या ओळीच्या आसपास बोट टेकवलं.

"तेवढा 'रिकामी' शब्द खोड. सात लवंगा, लावणारी बीकोंबो, असं लिही. मग देते अंगठा."