नारिंगी टाचांच्या मागे

अस्नाकेला तुम्ही तोंडावरून ओळखलं नसतंत, आणि त्यात तुमची काही चूक नाही. राजधानीच्या कडेच्या आमच्या एन्तोतोच्या टेकडीवर पळणाऱ्यांची तोंडं बघतो कोण? निलगिरीच्या रानातून एकामागे एक अशी रांग धावते, झाडांना वळसे घेत, नागमोडी, आणि प्रत्येकाची नजर पुढच्याच्या टाचांवर. नजर वर गेली की पाय झाडांच्या मुळांत अडकून दात पडलेच समजा. म्हणून आमच्याकडे माणूस बुटावरून ओळखतात. "तो रे, डावी टाच झिजलेला" म्हटलं की पुरे. अस्नाके रांगेत सगळ्यांत शेवटी असायचा. त्याच्या टाचा कुणी कधी पाहिल्याच नव्हत्या, त्यामुळे तो एखाद्या दिवशी आला होता की नाही हेही कुणाला छातीठोक सांगता यायचं नाही.

आईबाप गेल्यावर गोज्जामच्या खेड्यातून मॅरेथॉन जिंकायला म्हणून तो राजधानीत आला, तेव्हा ओठावर मिसरूड नव्हतं. आता दाढी आली, पण मॅरेथॉन काही आली नाही. तेवढ्यात टेकडीच्या पायथ्याच्या देमेलाश विणकराची धाकटी, वोर्किनेश, त्याच्या मनात भरली. नवल म्हणजे तोही तिच्या मनात भरला.

घोडं अडलं ते म्हाताऱ्यापाशी. थोरल्या मुलीचा नवरा पळणाराच होता. परदेशी शर्यतीला म्हणून गेला, ती शर्यत त्याची अजून संपायची आहे! तेव्हापासून पळणारा दिसला की देमेलाशकाका तोंड फिरवून थुंकायचे.

"मागणी घालायची तर रीतसर वडीलधारी माणसं घेऊन ये," वोर्किनेशने बजावलं. "शुक्रवारी पहाटे. शनिवारी त्या ट्रकवाल्याची माणसं मागणी घेऊन यायचीत, आणि बाबा त्यांना नाही म्हणायचे नाहीत. मग बस झाडं मोजत."

वडीलधारी आणायची कुठून? पिकल्या केसांचं एकच माणूस त्याच्या ओळखीचं, ते म्हणजे कोच झेलेके. "आधी कुणाच्या तरी पुढे ये एकदा, मग मागणी-बिगणी!" म्हणून ते खेकसले. घरमालकिणीच्या शेजारचे दोन म्हातारे कबूल झाले होते, तर ऐन गुरुवारी दोघंही कुणाच्या मयताला दूरच्या गावी गेले. शेवटी एकट्यानंच जायचं ठरवून अस्नाकेने कोचना कळवून टाकलं, की उद्या येत नाही, पोटात कळ येतेय.

आता बूट कोणते घालायचे? त्याच्या बुटातून अंगठा बाहेर डोकावत होता. त्याच्याच खोलीत राहणारा तेशागेर म्हणजे रांगेतला पहिला गडी, परदेशी शर्यतींना पाठवणाऱ्या एजंटाचा लाडका. त्याच्या खाटेखाली बुटांचं दुकानच होतं. अस्नाकेचं गाऱ्हाणं ऐकून त्याने सगळे बाहेर ओढले.

"हे घाल. डांबरी रस्त्याचे आहेत. पिसासारखे."

"डांबरावर कुठे पळायचंय मला? सासऱ्यापुढे उभं राहायचंय."

"मग टाच जाड हवी. किंवा हे चिखलाचे घे. पाय घसरणार नाही."

"मालकिणीच्या नवऱ्याचे कातडी बूट आहेत रे..."

"मेलेल्या माणसाचे? आणि चावतात ते! लंगडत गेलास तर म्हातारा म्हणेल, आधीच पळणारा, त्यात लंगडा." तेशागेरने स्वतःचे रोजचे भडक नारिंगी बूट पुढे सरकवले. "हे ने. नशीबवान आहेत. माझी पोटरी धरलीये, मी काही उद्या उठत नाही. थोडे मोठे होतील, दोन मोजे चढव."

झालं! ज्या टाचांवर नजर ठेवून अख्खी रांग रोज पळते, त्याच टाचा अस्नाकेच्या पायात गेल्या, आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

शुक्रवारी पहाटे धुकं असं, की हाताला हात दिसेना. अस्नाके रानातल्या जवळच्या वाटेने निघाला. वळणावर सगळे अंग मोकळं करत तेशागेरची वाट बघत होते. धुक्यात नारिंगी टाचा दिसल्या मात्र, "निघाला रे निघाला!" म्हणत रांग मागे लागली.

अस्नाकेला मागून पावलं ऐकू आली. त्याला वाटलं, संपलं! कोचना पोटदुखीचं खोटं कळलं, धरायला माणसं पाठवली! तो जोरात सुटला. मागची पावलंही जोरात सुटली. त्यांना चुकवायला तो डावीकडे घुसला, उजवीकडे वळला, एका झाडाला तर दोन फेऱ्या मारल्या. पण नागमोडी पळायची तर रोजचीच सवय! मागून उलट शाबासकीच येत होती. "आज तेशागेरच्या अंगात आलंय बघ!"

मग तो खडा चढ अंगावर घेऊन थेट माथ्यावर गेला आणि पलीकडे उतरला. असा तो जन्मात पळाला नव्हता. आजवर समोर कुणाच्या तरी टाचा असायच्या, आणि त्यांच्याइतकंच पळायचं असतं अशी त्याची समजूत होती.

वाटेतल्या चर्चच्या दाराशी, आमच्या रिवाजाप्रमाणे, सवयीने थांबून त्याने भिंतीचं चुंबन घेतलं. मागे सगळ्यांनी घेतलं. पुढे बोळ, वाळत घातलेले कपडे, कोंबड्यांची पळापळ, फाटकाशी भुंकणारा कुत्रा, आणि देमेलाशकाकांचं अंगण आलं. आता पुढे पळायला जागाच उरली नाही. तो वळला.

रांगेतला दुसरा, बेलेते, जागच्या जागी उड्या मारता मारता टाचांवरून वर बघत बघत तोंडापर्यंत आला.

"अरे, तू? तेशागेर कुठाय?"

"झोपलाय."

"मग आम्ही आलो कुणाच्या मागे?"

इतक्यात दार उघडलं. जाड पांढरी चादर लपेटून देमेलाशकाका उंबऱ्यात उभे. अंगणभर घामाने निथळणारी पोरं बघून ते दचकले.

"कोण रे ही सगळी?"

अस्नाके एक पाऊल पुढे आला. "काका, मी... मागणी घालायला आलोय. ही माझी माणसं."

"एवढी?" म्हातारा गडबडला. "बरं, बसा."

"नको काका," बेलेते म्हणाला. "बसलो की पाय आखडतात."

आता आमची रीतच अशी, की मागणी घेऊन आलेली माणसं होकार मिळेपर्यंत बूड टेकत नाहीत. काकांच्या भुवया वर गेल्या. हट्टाला पेटूनच आलेत की! "अहो, टेका तरी जरा."

"उभ्यानेच बरंय!" सगळे एका सुरात बोलले.

तेवढ्यात फाटकातून कोच झेलेके आले. गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ, आणि श्वास कुठेतरी माथ्यावरच राहिलेला. ते म्हाताऱ्यापुढे येऊन दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून असे वाकले, की डोकं जमिनीला लागायचंच बाकी.

"अहो, उठा, उठा! एवढं वाकायचं नसतं," काका विरघळले. "तुम्ही ह्याचे वडीलधारे का?"

कोचनी मान वर केली आणि अस्नाके दिसला. "हा गधडा! ह्याच्या म्हणे पोटात कळ होती!"

"मुलगा वाईट नसेल हो," काका हळूच म्हणाले, "पण पळणारा आहे. उद्या जिंकला, परदेशी गेला, परत नाही आला, तर मी दुसरी मुलगी पण दाराशी बसवू का?"

"जिंकला? हा?" कोचना हसावं की रडावं कळेना. "अहो, शेवटून पहिला येतो हा! कुणाचा पाय मुरगळला की त्याच्या खांद्याला खांदा लावून चालत येतो. असा माणूस जिंकतो का कधी? विमान आकाशातच बघणार हा!"

"शपथ घ्या."

"संत गिऑर्गिसची शपथ! हा जन्मात जिंकायचा नाही!"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अस्नाकेच्याही आलं, पण त्याचं कारण वेगळं होतं. सगळ्यांदेखत त्याच्या जन्माची किंमत होऊन गेली होती.

"दिली मुलगी," काका म्हणाले. "आता तरी बसा, बाबांनो!"

सगळे मटकन बसले आणि सगळ्यांचे पाय एकदम आखडले. वोर्किनेशने कॉफी आणि भाजलेले सातू फिरवले. कोच घड्याळाकडे बघत अस्नाकेजवळ सरकले. सवयीप्रमाणे वळणावरच त्यांनी ते चालू केलं होतं, आणि माथ्यावरून पोरांची आरोळी आली तेव्हा बंद.

"ह्या चढावर इतक्या लवकर कुणी आलेलं नाही," ते पुटपुटले. "तेशागेरसुद्धा नाही."

"मग, कोच?"

"मग काय, माझं कपाळ! शपथ घेऊन बसलोय. सातू खा."

वोर्किनेश कप भरायला वाकली. तिने सगळं ऐकलं होतं. "शपथ कोचनी घेतली. तू कुठे घेतलीस?"

"पण काकांना भीती..."

"बाबांना भीती तू परत येणार नाहीस याची आहे. जिंकलास तर त्यांचं काय जातंय? तू जिंक आणि घरी ये. एवढं जमेल ना?"

अस्नाकेने जोरात मान डोलावली, आणि कॉफी मोज्यांवर सांडली.

निघायची वेळ झाली, तर परतीची वाट एकालाही ठाऊक नव्हती! येताना सगळ्यांनी टाचाच तर बघितल्या होत्या. "अस्नाके, तूच हो पुढे," बेलेते म्हणाला, आणि रांग त्याच्यामागे उभी राहिली.

देमेलाशकाका धावत फाटकापर्यंत आले. "अहो, तो पुढे कसा? तुम्ही तर म्हणाला होतात..."

"रस्ता दाखवायला!" कोच मागे न बघता ओरडले. "फक्त रस्ता दाखवायला!"

बोळाच्या टोकाशी अस्नाके क्षणभर थांबला. वळून त्याने ते फाटक, तो कुत्रा, फाटकात उभी असलेली वोर्किनेश, सगळं नीट बघून घेतलं, परत येताना चुकायला नको म्हणून. मग चढाकडे तोंड केलं आणि पाय मोकळे सोडले.