एक रेघ सरकवलेलं बटण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाहीये. आता एका दमात सांगून टाकते, नाहीतर परत राहून जाईल.

मुलुंडला आमच्या समोरच्या घरात एक काका राहायचे. कारखान्याने त्यांना सहा महिने जपानला ट्रेनिंगला पाठवलं होतं. लोक तिकडून टेपरेकॉर्डर आणतात, काकांनी ‘गो’ नावाचा खेळ आणला, तोही नुसता डोक्यात! मग प्लायवूडवर एकोणीस उभ्या, एकोणीस आडव्या रेघा मारल्या आणि टेलरकडून डबाभर बटणं आणली. काळी माझी, पांढरी त्यांची. रेघा एकमेकींना कापतात तिथे बटण ठेवायचं, समोरच्याला घेरायचं. पुरतं घेरलं की मेलं.

मी कच्ची, म्हणून डाव सुरू व्हायच्या आधीच मला नऊ काळी बटणं मांडून मिळायची. ओळीने तीन डाव जिंकले की एक कमी. अकरावीच्या दिवाळीपर्यंत मी पाचवर आले होते. आता चार! त्या चारसाठी मी नुसती वेडी झाले होते.

"भारी चाल शोधत बसू नकोस गं," काका म्हणायचे. "चुका कमी कर, बस." डाव संपला की वहीत आजची चूक लिहायची. एकच ओळ.

दोन डाव जिंकले. तिसऱ्यात माझी बारा बटणं घेरली जात होती, पार वाट लागलेली. तेवढ्यात काकू आतून ओरडल्या, "अहो, पाणी आलं! पिंप भरायला जपानहून माणूस येणारे का?"

काका उठून गेले. मी माझं एक बटण एक रेघ सरकवलं. बाराच्या बारा वाचली.

जिंकले. "हरलात ना? झकास!" काकू म्हणाल्या. मी हसलेसुद्धा.

आणि काका म्हणाले, "चल, परत मांडू."

हे मी विसरलेच होते, यार! चुका दाखवायला ते दर वेळी सगळा डाव पहिल्या चालीपासून आठवून मांडायचे. मांडता मांडता ते बटण आलं. त्यांनी ते मी खरं जिथे ठेवलं होतं तिथेच ठेवलं. बोट जरा वेळ त्यावरच राहिलं.

"ही चाल चांगली होती गं. इथूनच जगत होतीस." पुढे आणखी दोन काळी ठेवून दाखवलं. खरंच जगत होते. काही न सरकवता.

माझ्याकडे बघितलं नाही. वही पुढे केली. "लिही आजची चूक."

मी लिहिलं, ‘घाई केली.’

त्यांनी वाचलं. "बरं. उद्यापासून चार."

चारवर मी हरले. मग हरतच गेले.

"जड जातंय का? परत पाच घ्यायची?" एकदा त्यांनी विचारलं.

"नको, जमेल," मी म्हटलं.

पाचच हवी होती हो मला. पण मागायला तोंड कुठे होतं?