सुईचा मान

लस घेऊ नये याची माझ्या सासऱ्यांकडे इतकी कारणं होती की एखाद्या रविवारी नवीन कारण न सांगता त्यांनी चहा संपवला, तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. सुईत चिप असते. सुई घेतलेला माणूस दोन वर्षांत जातो. सुईने पुरुषाचं पुरुषपण जातं. हे शेवटचं कारण सत्तरी ओलांडलेला माणूस नातवंडांच्या देखत, अगदी काळजीच्या सुरात सांगत होता. सासूबाई स्वयंपाकघरातून नुसत्या खोकल्या. तो खोकला दम्याचा होता की हसू दाबल्याचा, कोण जाणे.

मी मूळची गिरगावची. ऑफिसात ओळख झाली, लग्न झालं आणि मी राईच्या या घरची सून झाले. खाडीकाठचं गाव. सासऱ्यांची मिठागरं होती, भातशेती होती. आता त्यातल्या निम्म्या जमिनीवर लोकांचे वन बीएचके उभे आहेत. नवरा आणि मी मीरा रोडच्या हाटकेशला फ्लॅटमध्ये राहतो आणि रविवारी स्कूटरवरून राईला जातो. लॉकडाऊनमध्येही काही ना काही सोंग करून जायचोच, कारण सासूबाईंचा दमा. पावलोपावली पंप ओढणारी बाई. डॉक्टरांनी आम्हाला बजावून ठेवलं होतं की यांना हा आजार झाला तर काही खरं नाही, लस आली की पहिली यांना टोचून घ्या. तेव्हा सगळा जीव टांगणीला लागला होता तो त्यांच्यासाठी. सासऱ्यांची तब्येत ठणठणीत होती. त्यांच्या तोंडाला तर कधीच काही झालं नाही.

आणि सासूबाईंचं म्हणणं एकच. "ते घेतील मंग मी."

आता मी पडले शिकलेली. आमच्या ऑफिसने तेव्हा एक वेबिनार घेतलं होतं, लोकांचे गैरसमज कसे दूर करावेत यावर. समोरच्याचं ऐकून घ्या, त्याला कमी लेखू नका, साध्या शब्दांत सांगा. मी वहीत उतरवून घेतलं आणि रविवारी राईच्या ओटीवर मांडी घालून सासऱ्यांना साध्या शब्दांत विषाणू शिकवला. पोराच्या चित्रकलेच्या वहीत काटेरी गोळा काढून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "सूनबाय, चित्र बरा काढतंस." नवरा आत जाऊन हसत बसला. त्याने स्वतः वडिलांना एका शब्दाने विचारलं नव्हतं. या घरात मुलगे बापाशी वाद घालत नाहीत, त्यासाठी सुना आणतात.

गाववालेच अडाणी असं म्हणायची सोय नव्हती, हेही सांगून टाकते. आमच्या हाटकेशच्या बिल्डिंगमधले एक रिटायर्ड साहेब लिफ्टचं बटण टूथपिकने दाबायचे, दूध धुऊन घ्यायचे, आणि लसीचं विचारलं की म्हणायचे, "देखेंगे, बाहर की आने दो." परदेशातली येईपर्यंत देशातल्या विषाणूने थांबावं, अशी त्यांची अपेक्षा असावी. पण त्यांच्यावाचून त्यांच्या घरात कुणी अडून बसलं नव्हतं. बायको, मुलगी, जावई, सगळे टोचून मोकळे झाले होते.

आमच्याकडे तसं नव्हतं. सासरे हे नुसतं घरातलं मोठं माणूस नाही. गावदेवीच्या जत्रेत पहिला नारळ आमच्या घराचा. तो फुटल्याशिवाय पालखी हलत नाही, की आळीतलं कुणी ओटी भरत नाही. पिढ्यान् पिढ्यांचा मान. त्यामुळे सासरे सुई घेत नाहीत म्हटल्यावर आळीतली म्हातारी-कोतारी झाडून सगळी घरी बसली होती. त्यांना विचारलं तर तीही चिप आणि दोन वर्षं असलं काहीतरी सांगायची, पण मनापासून नाही. शाळेत पाठ करून आल्यासारखी.

एका रविवारी माझा तोल गेला. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला नाही घ्यायची ना, नका घेऊ. मी आईंना रिक्षात घालून मीरा रोडला नेते, अर्ध्या तासात टोचून आणते." सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मला आजही आठवतं, त्यांनी पदर खांद्यावरून घेतला होता, बाहेर निघायच्या बेतात असल्यासारखा.

सासरे म्हणाले, "ती माज्या आदी? लोक काय बोलतील? म्हातारा भ्याला?"

"लोक गेले खड्ड्यात."

"लोक खड्ड्यात जात न्हाय, सूनबाय. लोक वट्यावर येतात." आणि मग एकदम आवाज चढला. "आन भ्यायचं काय हाय त्यात? मी सुईला भितंय व्हय? शालेत पयला कॅम्प लावला तवा नारल कोनी फोडला? हां? सांग ना. कोनी फोडला?"

मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने छताकडे बघितलं. तेव्हा कुठे मला कळलं, आणि खरं सांगते, मी कपाळाला हात लावला. चिप नव्हती, पुरुषपण नव्हतं, काही नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी गावच्या शाळेत लसीचा पहिला कॅम्प लागला होता. रिक्षाला भोंगा बांधून गावभर पुकारा केला. वॉर्डातल्या एका पुढाऱ्याने शाळेच्या पायरीवर नारळ फोडला, पहिली सुई घेतली, फोटो काढला. आमच्या घरी बोलावणं आलं नाही.

"भोंग्यावरनं कोन बोलावतो मानसाला?" सासरे म्हणाले. "भंगारवाला बोलावतो."

म्हणजे मी दोन महिने काटेरी गोळे काढत होते आणि हा माणूस रुसला होता. लग्नातल्या फुगून बसलेल्या मामासारखा. चिपची गोष्ट मोबाईलवर आयती आली म्हणून पुढे केली, कारण "मला बोलावलं नाही" हे तोंडाने सांगणं म्हणजे आणखी अपमान. आळीला खरं कारण पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते वेबिनारवाल्या सुनेला.

मग काय, औषध सापडलं. नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा हातपाय हलवले. त्याच पुढाऱ्याला गाठलं, इलेक्शनची कुजबुज सुरू होती म्हणून तोही लगेच विरघळला. शनिवारी गावदेवीच्या सभामंडपात दुसरा कॅम्प ठरला. दोन दिवस आधी, गुरुवारी संध्याकाळी, पाच-सहा जण रीतसर आमच्या ओटीवर आले. नारळ, अक्षता, टॉवेल-टोपी, सगळं घेऊन. "काका, तुमच्याशिवाय सुरुवात व्हायची न्हाय." सासरे आधी दोनदा नको म्हणाले, कारण तिसऱ्यांदा हो म्हणायची रीत आहे. मास्क सगळ्यांना होते. हनुवटीला.

आत सासूबाईंनी चहा टाकला. ट्रे घेऊन त्या बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या, पुन्हा भजी घेऊन बाहेर आल्या. मी म्हटलं, आई, तुम्ही आत बसा, मी देते. तर म्हणाल्या, "मानाची मानसं हायत, सुनंनं द्यायचं न्हाय, मी द्यायचं." त्यातला एक जण सारखा घसा खाकरत होता. धूळ गेली म्हणाला.

सगळं जमून आलं, तर सासऱ्यांनी विचारलं, वार कोणता? शनिवार. मग ते हलेनात. शनिवारी घरात लोखंड आणत नाहीत, अंगात कसं घ्यायचं? सुई लोखंडाची नसते, हे मी सांगितलं. कुणी ऐकलं नाही. मंगळवार देवीचा वार, पण येत्या मंगळवारी म्हणे आळीत कुणाचा तरी साखरपुडा. शेवटी त्याच्या पुढचा मंगळवार ठरला. आलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मीसुद्धा गप्प बसले, कारण दोन महिन्यांनी पहिल्यांदा तारीख तरी ठरली होती.

त्या मंगळवारी सासरे धोतर-टोपीत निघाले. पुढे दोन ताशेवाले होते, खोटं सांगत नाही. नारळ फुटला, पहिली सुई सासऱ्यांनी घेतली, नर्सबाईला "हात हलका हाय तुजा" असं प्रशस्तिपत्रही दिलं. मागोमाग अख्खी आळी रांगेत. मी ते पाहायला नव्हते. मी घरात सासूबाईंजवळ होते. त्यांना सोमवारपासून ताप होता. तापात सुई देता येत नाही, असं नर्सबाईने निरोप धाडला होता.

बाहेरून ताशाचा आवाज येत होता. मी त्यांच्या कपाळावर पट्टी ठेवत, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आई, तुम्हाला भीती वाटत होती का हो सुईची?"

त्यांनी डोळे उघडले. वाक्य पुरं करायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. "मला? गो, मी पयल्याच दिशी जानार व्हते. शालेत. लुगडं काडून ठेवलं व्हतं."

मी त्यांना हे आधी विचारलंच नव्हतं. नवऱ्याने विचारलं नव्हतं. पुढाऱ्याने, नर्सबाईने, कुणीच नाही. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती एकटी पहिल्या दिवसापासून तयार होती, आणि आम्ही सगळे तिच्या नवऱ्याला समजून घेत बसलो होतो.

बुधवारी त्यांना भाईंदरच्या हॉस्पिटलात नेलं. बेड मिळाला, ऑक्सिजन मिळाला, आमचं नशीब त्या दिवसांत एवढं तरी होतं. त्या आल्या नाहीत परत. शनिवारी जरी सुई घेतली असती तरी ती उशिराचीच झाली असती, हे डॉक्टरांनी सांगितलं, मलाही कळतं. शाळेतल्या कॅम्पाची उशिराची झाली नसती. त्याने वाचल्याच असत्या का, ते कुणीच छातीठोक सांगत नाही. मी स्वतःला ते सांगून बघितलं, पण त्याने राग काही उतरला नाही.

दहाव्याला मोजकीच माणसं बोलवायची सरकारची ताकीद होती, म्हणून निम्मीच आळी आली. खाडीवर विधी झाला. कावळा शिवला, मग घरी ओटीवर हळूहळू बोलणं सुरू झालं. सासऱ्यांच्या पुतण्याने सुरुवात केली. "काका, मी तवाच बोलत व्हतो. सुई घेतली नि घरात मानूस गेलं." दुसरा म्हणाला, खरं आहे, सुईने बाधा आणली. तिसऱ्याने जाहीर करून टाकलं, दुसरी सुई आता आळीत कुणी घ्यायची नाही.

सगळे सासऱ्यांकडे बघायला लागले. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. दोष सुईवर गेला असता, ते मोकळे झाले असते, आणि आळी पुन्हा घरी बसली असती. मी ताटं घेऊन दारात उभी होते. मला त्यांची मान हललेली दिसली असती, तर मी ती ताटं तिथेच आपटून हाटकेशला चालत गेले असते.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तिला सुई मिलालीच न्हाय. ती जानार व्हती. मी तिला थांबवली." पुतण्या काहीतरी बोलू लागला, तर त्याला म्हणाले, "दुसरी सुई सगल्यांनी घ्यायची. मी कंदी जानार, बघू नका."

आळीने घेतली, प्रत्येकाने आपापल्या वेळेला. नवरा म्हणतो, बाबांनी चारचौघांत कबूल केलं, केवढं मन लागतं त्याला, आता तू सोड. मी रविवारी जाते, त्यांना चहा देते, औषधं देते, कमी काही करत नाही. पण सोडलं नाही. त्यांनी ते वाक्य भरल्या ओटीवर म्हटलं, आणि ज्या एका माणसाने ते ऐकायला हवं होतं, ती बाई तेव्हा ओटीवर नव्हती.